नातेवाईक नसलेली वाट

सन एकोणीसशे सदतीसची ती दिवाळी. साल पक्कं आठवतं, कारण त्याच पावसाळ्यात सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आल्याचं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि दिवाळीची सुट्टी संपली की आधी डाव्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं ठरलं होतं. त्या काळी माणूस डोळ्याच्या ऑपरेशनला निघाला की घरच्यांचा निरोप घेऊन निघे. सासूबाईंनी, म्हणजे रामबाईंनी, निरोपबिरोप काही घेतला नाही. लक्ष्मीपूजन झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी ओसरीवर तांदूळ निवडताना त्या आपल्या मुलाला म्हणाल्या, "इंदर, डोळा जाचा तं जाऊ दे. पन त्याच्या आधी मले एक दिवस कुठं तरी घेऊन चल."

"कुठं, माय?"

"कुठंबी. लगन नाही, मयत नाही, बारसं नाही, अशा जाग्यावर. नुसतं पाहाले."

आमचे हे, इंदरलाल टेंभरे, गोंदियाच्या शाळेत मास्तर होते. घरीदारी सगळे त्यांना मास्तरच म्हणत. म्हणून मीही मनातल्या मनात तेच म्हणे. तोंडाने नाव घ्यायची तर सोयच नव्हती. मास्तरांना वाटलं, आईने काही फार मोठं मागितलेलं नाही. मलाही तसंच वाटलं. माझ्या नणंदेला, रामकलीला, तर त्या रात्री आनंदाने जेवणही गेलं नाही. तिचं लग्न व्हायचं होतं आणि त्यासाठी स्थळं बघणं चालू होतं, त्यामुळे "नुसतं पाहणं" म्हणजे आपल्यालाच कोणी तरी येऊन पाहणं, एवढाच अर्थ तिला ठाऊक होता.

सासूबाई काही घरात बसून राहिलेल्या बाई नव्हत्या. अर्धा भंडारा जिल्हा त्यांनी पालथा घातला होता. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होतं. पण जिथे गेल्या तिथे कोणाच्या तरी लग्नाला, बाळंतपणाला किंवा तेरवीला, आणि गेल्या गेल्या पदर खोचून सरळ चुलीपाशी. गावं त्यांना चुलींवरूनच आठवत. तिरोडा म्हटलं की त्या म्हणत, "तिथली चूल धूर लय करते." नवेगावचा तो मोठा तलाव बघायला लोक कुठून कुठून येत. सासूबाई त्या गावी पाच-सात वेळा राहून आल्या होत्या आणि तलाव त्यांनी पाहिला नव्हता. पाणी मात्र त्यातलंच भरलं होतं.

आता इथे आम्हा पोवारांबद्दल थोडं सांगायला हवं, नाही तर पुढचं काहीच खरं वाटणार नाही. आमची छत्तीस कुळं फार पूर्वी माळव्यातून इकडे आली असं सांगतात. एवढ्या लांबून येताना एकमेकांना सोडायचं नाही असं त्यांनी ठरवलं असावं, आणि वैनगंगेच्या काठी पोचल्यावरही तो ठराव कोणी मागे घेतला नाही. त्यामुळे या भागात धानाची शेती जिथे जिथे आहे तिथे तिथे आमचा कोणी ना कोणी आहे. आणि आपला माणूस दारावरून नुसता निघून गेला, हा अपमान आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांभाळून ठेवला जातो. दारावरून जायचं तर थांबायचं, थांबलं की पाय धुवायला पाणी येतं, पाय धुतले की जेवण होतं, आणि जेवण झालं की "आता कुठं जाता उन्हाचं" असं होतं.

हे सगळं आम्हाला जन्मापासून ठाऊक होतं. तरी सहलीचा बेत करताना एकालाही आठवलं नाही. याला मी दैव नाही तर दुसरं काय म्हणू.

पहिला बेत शेजारच्या चुन्नीलालशेठने ठरवून दिला. ते धानाचे अडते होते आणि दुसऱ्याच्या कामात त्यांचा जीव फार रमे. "मास्टरजी, घूमना है तो दरेकसा का झरना देखो," ते म्हणाले. "पानी ऐसा गिरता है कि आदमी घर भूल जाए." स्वतः त्यांनी तो धबधबा रेल्वेच्या खिडकीतून पाहिला होता, तोही अर्धा, कारण उरलेला बोगद्यात गेला.

आम्ही सकाळच्या पॅसेंजरने निघालो. सासूबाई, मास्तर, रामकली, मी आणि सुवाऱ्यांचा डबा. सुवाऱ्या म्हणजे आमच्या पुऱ्या. गाडी आमगावला थांबली. स्टेशनवर ही गर्दी. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव पाळीपाळीने मंडई भरते, त्या दिवशी गावातलं प्रत्येक घर आपल्या सगळ्या नातेवाइकांना बोलावतं; आणि त्या दिवशी आमगावची मंडई होती. मास्तरांनी पंचांग पाहिलं होतं, अमृत सिद्धियोग पाहिला होता, मंडई पाहिली नव्हती.

"मावशी," अशी एक हाक आली. खिडकीशी रुख्मिणी उभी, मास्तरांची मावसबहीण. तिने खिडकीतून हात घालून सासूबाईंच्या गळ्याला मिठी मारली आणि रडायला सुरुवात केली.

घाबरायचं कारण नव्हतं. आमच्याकडे बायका बऱ्याच दिवसांनी भेटल्या की गळ्यात पडून मोठ्याने रडत, आणि मधल्या काळात कोण कोण गेलं ते त्या रडण्यातच एकमेकींना सांगत. हे रडणं अर्धवट टाकता येत नाही. रुख्मिणी तिच्या सासऱ्यापर्यंत आली होती, चुलतसासरा, जाऊ आणि एक म्हैस अजून बाकी होती, तेवढ्यात गार्डने शिट्टी दिली. मास्तर हळूच म्हणाले, "माय, हात सोड." सासूबाईंनी सोडला. रुख्मिणीने सोडला नाही. आता एक तर रुख्मिणीला दरेकशापर्यंत खिडकीला लटकवून न्यायचं, नाही तर आम्ही उतरायचं. आम्ही उतरलो.

"धबधब्याले जाऊन राहिलो होतो, बाई," मास्तर फलाटावर केविलवाण्या आवाजात म्हणाले.

"मंग?" रुख्मिणीने डोळे पुसले. "धबधबा कुठं पळून जाते का? घरी मंडई हाये. मावशी, तूच आली ते बरं झालं, वडे तळाले कोणी नव्हतं."

संध्याकाळपर्यंत सासूबाई रुख्मिणीच्या चुलीपुढे आणि मी पाट्यापुढे. मास्तरांना मात्र माणसांत बसवून दंडार, म्हणजे गावचा नाचगाण्याचा खेळ, दाखवला. परतीच्या गाडीत सासूबाई एवढंच म्हणाल्या, "चूल बरी होती. वारा चांगला लागे."

दुसऱ्या बेतासाठी मास्तरांनी नागझिऱ्याचं जंगल निवडलं. जंगलात नातेवाईक नसतात, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. पण जंगलात शिरायला पास लागतो असं कोणी तरी सांगितलं, आणि मास्तर कायद्याला फार मानणारे. ते कचेरीत गेले. तिथल्या बाबूशी झालेलं बोलणं त्यांनी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं, आणि पुढे आयुष्यभर कोणीही विचारलं की सांगत राहिले.

"शिकार?" बाबूने विचारलं.

"नाही."

"लाकूड? डिंक? मोहफूल?"

"नाही हो. पाहायचं आहे."

"काय?"

"जंगल."

बाबूने लेखणी खाली ठेवली. "जंगलात काय पाहता? झाडं होय."

"तीच पाहायची."

"नुसतं पाहाले पास नाही मास्तर. तसा पास आजपर्यंत कोणी मांगला नाही." बाबू वाईट माणूस नव्हता. तो खरोखर विचारात पडला. शेवटी त्याने मार्ग काढला. "गाडीले बैल असतीन न? मंग चराईचा पास देतो. बैल चरून राहिले, तुम्ही त्यांच्यासंग उभे. तेवढ्यात पाहून घ्या जे पाहाचं ते."

तर पास आला तो बैलांच्या नावाने, आणि आम्ही टेंभरे मंडळी त्यात "बैलांसोबतची माणसे" अशी आलो. माझं माहेर कटऱ्यांचं, माझे वडील गावचे पाटील. त्यांच्या लेकीवर ही वेळ आली. त्या रात्री मी पोळी जरा जाड लाटली.

बैल आणि रेंगी, म्हणजे बसायची हलकी गाडी, चुन्नीलालशेठने दिली. बैल मोठे देखणे. गोरेगावच्या बाजारातून त्यांनी ते नुकतेच विकत आणले होते. कोणाकडून आणले, हे विचारायचं आम्हाला सुचलं नाही. कोणाला सुचेल?

पहाटे निघालो. गोरेगावच्या अलीकडे एका आडगावाशी रस्ता उजवीकडे वळत होता. बैल डावीकडे वळले. मास्तरांनी कासरा ओढला, शेपट्या पिरगाळल्या, मराठीत, पोवारीत आणि शेवटी हिंदीत समजावलं. बैल जास्तच जोरात चालू लागले. ते गावात शिरले, एका मोठ्या घराचं फाटक शिंगांनी ढकलून आत गेले आणि गोठ्यापुढे जाऊन उभे राहिले. आतून शालीकराम फुफा बाहेर आले, मास्तरांच्या आत्याचे यजमान.

बैल त्यांचेच. पोटच्या पोरांसारखे वाढवलेले आणि मागच्या महिन्यात नाइलाजाने विकलेले. फुफा आधी बैलांच्या गळ्यात पडले. मग मास्तरांकडे बघून डोळे पुसत म्हणाले, "पाह्य इंदर, जनावराले समजते नातं काय असते ते. नाही तं तू तसाच चालला होता न दारावरून?"

आत्याने पाण्याची घंगाळी आणली. पाय धुणं झालं. लाखोरीच्या डाळीचे वडे झाले. जेवणं झाल्यावर मास्तर बैल जुंपायला गेले, तर बैल गोठ्यात आपल्या जुन्या जागी बसलेले. उठायचं नाव नाही. कचेरीतला पास त्यांच्या नावाचा, तोही त्या एका दिवसाचा, त्यामुळे दुसरे बैल जुंपून जावं तर तेही बेकायदा. मास्तर ओसरीवर पास हातात घेऊन बसून राहिले. फुफांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "जंगल कुठं पळून जाते का बापू? बस निवांत."

आम्ही दुसऱ्या दिवशी गोंदियाला पोचलो, फुफांच्या धाकट्या बैलांनी. चुन्नीलालशेठचे बैल तिकडेच राहिले. शेठ चार दिवस आमच्याशी बोलले नाहीत, आणि तेवढाच काय तो आम्हाला त्या सुट्टीत आराम मिळाला.

सासूबाई तक्रार करत नव्हत्या. तेच तर वाईट होतं. रोज सकाळी त्या अंगणात उभ्या राहून एक डोळा हाताने झाकत आणि समोरच्या कडुनिंबाकडे बघत, मग दुसरा झाकत. मी एकदा विचारलं, "माय, काय पाहून राहिल्या?"

"दिसते का ते पाहून राहिली. काल फांद्या दिसे. आज नुसतं हिरवं दिसते."

ते मास्तरांनी ऐकलं. त्या दिवसापासून त्यांनी सहलीचं काम वेगळ्या तऱ्हेने हाती घेतलं. काय बघायचं हा प्रश्न त्यांनी सोडूनच दिला. कोणत्या वाटेवर आपलं कोणी नाही, एवढंच शोधायचं. ओसरीवर खडूने जिल्ह्याचा नकाशा काढला. सासूबाई शेजारी डोळे मिटून बसल्या. मास्तर गावाचं नाव घेत आणि सासूबाई डोळे न उघडता ते पुसून टाकत.

"सडक अर्जुनी."

"तुह्या काकाची सासरवाड."

"कामठा."

"तिथं माह्या नणंदेची नणंद. तिची सून बाळंत व्हाची हाये, गेलो तं महिनाभर सुटका नाही."

"नागरा. माय, देऊळ आहे तिथे, महादेवाचं. देवाले तर कोणी नातेवाईक नाही म्हणत."

"देवाचा पुजारी नाही, पन देवळासमोरचा दुकानदार रिश्त्यात हाये."

पलीकडच्या घरच्या निर्मलाबाई हे सगळं कुंपणावरून ऐकत होत्या. त्या वऱ्हाडातल्या, त्यांचे यजमान रेल्वेत कारकून. त्या म्हणाल्या, "अहो, पण वाटेत थांबायचंच कशाला? सरळ पुढे जायचं. आमच्यात असं नाही बाई. आम्ही नातेवाइकांना पत्र लिहितो."

सासूबाईंनी डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. आईबाप नसलेल्या पोराकडे बघावं तसं त्या बघत होत्या.

नकाशा जवळजवळ पुसून झाला तेव्हा तिरोड्याच्या दक्षिणेला एक कोपरा उरला. बोदलकसा. इंग्रजांनी तिथे डोंगराच्या मध्ये बांध घालून मोठा तलाव केला होता. मास्तरांनी दोनदा विचारलं. सासूबाईंनी बराच वेळ आठवलं, बोटांवर कुळं मोजली, आणि त्यांच्या तोंडावर कसला तरी नवाच भाव आला.

"तिकडं कोणी नाही आपलं," त्या म्हणाल्या. "पहा न कसं झालं हे. कोणीच नाही."

फक्त तिरोडा तेवढा पार करायचा होता. तिरोड्यात आमची माणसं घरोघर. मास्तरांनी पागोटं काढून काळी टोपी घातली. सासूबाईंना हनुवटीपर्यंत पदर घ्यायला लावला आणि पायातले चांदीचे तोडे फडक्यात बांधून माझ्याकडे दिले, कारण नातेवाईक बाई चेहरा झाकला तरी तोड्यांवरून ओळखते. तिरोड्यात आमचे नातलग असताना आम्ही धर्मशाळेत उतरलो. हे वाक्य लिहायलाही मला आज कसंसंच होतं. रामकलीला तर वाटलं आपण काही तरी चोरून पळत आहोत, आणि तिला ते फार आवडलं.

सकाळी कवडू नावाच्या गाडीवानाची गाडी ठरवली. मास्तरांनी आधी बैलांची चौकशी केली.

"बैल कोणाचे?"

"माहे."

"आधी कोणाचे होते?"

"माह्याच गायीचे होत." कवडूने मास्तरांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काऊन? सोयरीक कराची हाये का?"

मास्तर गाडीत चढून बसले. वाटेवर एक गाव लागलं, पण सासूबाईंनी पदराआडून त्याचं नाव ऐकून घेतलं आणि मान हलवली: नाही, इथे कोणी नाही. त्या गावातून आम्ही न थांबता गेलो. एकाही दारातून हाक आली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच असं झालं, आणि खरं सांगते, मला थोडं चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

आणि मग बांध चढून गेल्यावर ते पाणी. तिन्ही बाजूंनी जंगलाचे डोंगर, आणि मध्ये हे एवढं पाणी, पावसाळ्याने काठोकाठ भरलेलं. सासूबाई बांधावर बसल्या. त्यांनी पदर मागे सारला, हाताने डावा डोळा झाकला, मग तो हात काढून उजवा झाकला, आणि मग दोन्ही उघडे ठेवून नुसत्या बसल्या. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या,

"एवढं पानी, आन एक घागर भराची नाही."

मी त्यांना तोडे परत दिले. त्यांनी घातले नाहीत. मांडीवर तसेच ठेवले.

आता पुढचं. बांधावर आमच्या आधीच एक कुटुंब बसलेलं होतं. नवरा, बायको आणि एक तरुण मुलगा. आम्ही दिसताच तो माणूस वळून पाठमोरा बसला. त्याच्या बायकोने पदर पुढे ओढला. मुलगा डोंगरात काही तरी शोधू लागला. मास्तरांनी ते पागोटं पाहिलं, त्या बाईच्या लुगड्याची ठेवण पाहिली, आणि त्यांचा चेहरा उतरला. "पोवार," ते पुटपुटले. "कोणी त्यांच्याकडे बघू नका. विचारू नका. विचारलं की नातं निघते."

तिकडेही तेच चालू असावं, कारण तो माणूसही बायकोला हळू आवाजात दटावत होता. अशा रीतीने एकाच बांधावर, हाकेच्या अंतरावर, पोवारांची दोन कुटुंबं एकमेकांकडे पाठ करून पाणी बघत बसली. मान अवघडली तरी कोणी हलवली नाही. आम्ही आमच्या सुवाऱ्या खाल्ल्या, त्यांनी त्यांच्या. त्यांच्याकडून आंब्याच्या लोणच्याचा वास येत होता. आमच्याकडे लोणचं नव्हतं. ते मी घरी विसरले होते, आणि त्यावरून पुढे बरेच दिवस मला बोलणी बसली.

हा सौदा निभावला असता. निभावत आला होता. पण सासूबाईंची चुळबुळ सुरू झाली. त्या पाण्याकडे बघत, मग त्या बाईच्या पाठीकडे, मग परत पाण्याकडे. मास्तरांनी हात जोडले. "माय, नको."

"मी काय करून राहिली?" सासूबाई म्हणाल्या, आणि त्याच आवाजात पुढे, "काय वो बाई, कोणाच्या होय तुमी?"

त्या बाईच्या खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. ती लगेच वळली. "हरिणखेडे. तुमी?"

मग सुरू झालं. तिचा नवरा बिसनलाल, डोंगराकडे तोंड करून, "झालं," एवढंच म्हणाला. मास्तर आणि बिसनलाल दोघंही जवळ सरकून ऐकू लागले, जसे कोर्टात निकाल ऐकायला लोक उभे राहतात. आधी बापाचं कुळ, मग आईचं, मग आजीचं. आम्ही टेंभरे, ते हरिणखेडे. त्यांची आई बोपचे, आमची पारधी. सासूबाईंची एक मावशी हरिणखेड्यांकडे दिली होती, पण ती वेगळी भावकी. त्यांची एक सून कटऱ्यांची, म्हणजे माझ्या माहेरची, इथे माझा जीव वरखाली झाला. पण ती लांबची, ओळखही नसलेली. दर वेळी नातं अगदी दारापर्यंत येई आणि परत जाई. आणि दर वेळी मास्तर सुटकेचा श्वास सोडत.

हे लोक दोनच वर्षांपूर्वी बालाघाटकडून आले होते. कालव्याखालची जमीन घेऊन, आम्ही न थांबता पार केलेल्या त्याच गावात राहिले होते. त्यांच्या घरी आदल्या दिवशीच्या मंडईचे पाहुणे अजून भरलेले होते, आणि बिसनलाल बायकोमुलाला घेऊन, "कालव्याचं फाटक पाहून येतो" असं सांगून पाहुण्यांपासून पळून आले होते.

शेवटी दोघी बायका थांबल्या. सगळी कुळं उलटीपालटी करून झाली होती.

"नाहीच निघत," सासूबाई म्हणाल्या.

"नाही निघत न वो," ती बाई म्हणाली.

मास्तरांनी टोपी काढून वारा घेतला. "चला, नातं नाही. चांगलं झालं."

दोघी बायकांनी मास्तरांकडे पाहिलं नाही. सासूबाईंनी त्या तरुण मुलाकडे पाहिलं, जो आता डोंगर सोडून भलतीकडेच बघत होता. त्या बाईने रामकलीकडे पाहिलं, जी पायाच्या अंगठ्याने बांधाची माती उकरत होती. आमच्यात एका कुळात, जवळच्या नात्यात लग्न होत नाही; ज्याचं कुळ आपलं नाही, नातं जवळ येत नाही, असं स्थळ मास्तर दोन वर्षं जिल्हाभर शोधत होते. आणि आता ते समोर लोणच्याची बरणी घेऊन बसलं होतं.

मास्तरांच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. आलं तेव्हा ते खाली बसले.

"पोराचं नाव काय म्हणाल्या?" सासूबाई विचारत होत्या.

"सेवकराम. बालाघाटले शिकून राहिला. घ्या न, लोणचं घ्या. आता घरी चला, पाय धुवाले. असं बांधावर बसून कुठं बोलता येते?"

"पन पानी..." मास्तर म्हणाले.

"पानी कुठं पळून जाते का?" बिसनलाल हताशपणे म्हणाले. पळून आलेला तो माणूस उठला, डबा गोळा केला आणि आपल्या पाहुण्यांनी भरलेल्या घराकडे चालू लागला, सोबत आणखी चार पाहुणे घेऊन.

परत येताना गाडीत मास्तर आईवर पहिल्यांदाच रागावले. "एक दिवस मागितला होतास तू. एक वाट उरली होती. तूच काऊन विचारलं?"

सासूबाई म्हणाल्या, "एवढं मोठं पानी पाहिलं. कोणाले सांगाचं होतं मग?"

"आम्ही होतो न संग."

"तुमी तं पाहूनच राहिले होते."

कवडू पुढे बसून हसला. "म्या सकाळीच म्हटलं होतं मास्तर. सोयरीक."

रामकलीचं लग्न पुढच्या उन्हाळ्यात झालं. सासूबाईंचा डावा डोळा ऑपरेशनने चांगला झाला; उजवा पुढे गेला. एका डोळ्याने त्यांनी ते लग्न पाहिलं, नातवंडं पाहिली. व्याह्यांच्या त्या गावी त्या पुढे अनेकदा गेल्या: साखरपुडा, लग्न, दोन बाळंतपणं, बिसनलालांची तेरवी. प्रत्येक वेळी सरळ चुलीपाशी. बांध तिथून चालत जाण्यासारखा. दुसऱ्यांदा तो त्यांना दिसला नाही. पण त्या पाण्याबद्दल शेवटपर्यंत ज्याला त्याला सांगत, आणि सांगताना हात पसरत, एवढं.

मास्तर हेडमास्तर होऊन निवृत्त झाले. शाळेतून सहल काढायची झाली की ते मुलांना गोंदियाचं रेल्वे स्टेशन दाखवून आणत. ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. चुन्नीलालशेठने ते बैल शेवटी शालीकराम फुफांनाच परत विकले आणि पुढे रायपूरला राहायला गेले. बैल म्हातारे होऊन त्याच गोठ्यात मेले, आणि फुफांनी त्यांची तेरवी केली. आम्हाला जावं लागलं. रुख्मिणीला मी मागे भेटले तेव्हाही ती गळ्यात पडून रडली, पण आता सांगायला इतके लोक झाले होते की दोघीही मध्येच दमलो. निर्मलाबाई अमरावतीला गेल्या आणि खरोखरच पत्र लिहीत. कवडूने रामकलीच्या वरातीची गाडी हाकली, आणि पुढे जन्मभर लोकांना सांगत असे की ही सोयरीक आपणच जमवली.

आता गोंदियाचा वेगळा जिल्हा झाला. मागच्या दिवाळीत नातवाने नवी मोटार घेतली आणि म्हणाला, "आजी, चल, तुले बोदलकसा दाखवून आणतो, तिथं आता लोक फिरायला जातात." माझ्याही डोळ्यांपुढे हल्ली धुकं असतं. मी लगेच निघाले. रस्ता पक्का झाला आहे, गाडी भरधाव चालते. मी त्याला सांगितलं होतं, त्या गावाशी काच वर कर आणि थांबू नकोस. त्याने काच वर केली. पण गावाच्या तोंडाशी, रस्त्याच्या मधोमध, पदर खोचून रामकली उभी होती. दात सगळे गेलेले, पाठीला बाक आलेला, हातात पाण्याची घंगाळी. कोणी तरी तिला आधीच कळवलं होतं.

"भौजी," ती म्हणाली, "पानी कुठं पळून जाते का?"

मी मोटारीचं दार उघडलं आणि पाय पुढे केले.